वजनावरचा रुमाल

वजनावर रुमाल घालणारं माणूस तुम्ही कधी पाहिलंय? मी पाहिलंय. लाकडी पाटावर तांदळाच्या पिशव्या रचायच्या, त्यांवर पांढरा रुमाल पसरायचा, पाट छातीशी धरायचा आणि म्हणायचं, "हं, चला." काकूंचं रोज असंच असायचं.

डोंबिवलीत पिठाच्या गिरणीच्या वर माझी छोटीशी जिम आहे. दुपारी तीनला बायकांची बॅच. दळणाचे डबे खाली ठेवून त्या वर येतात. गिरणी सुरू झाली की माझी फरशी गुणगुणायला लागते आणि खिडकीतल्या उन्हात पीठ तरंगत राहतं. अशा वेळी कुणी मोठ्यानं बोललं की मला राग येतो. तसा मला कशाचाही राग येतो, कबड्डी खेळलेली बाई आहे मी.

अशाच एका दुपारी काकू आल्या. सत्तरीच्या, पाचवारी साडी, पायात कोरे करकरीत बूट. ओट्यापाशी घसरून नुसता हात टेकला तर मनगट मोडलं होतं. ते जुळलं, पण डॉक्टर म्हणाले होते, हाडं ठिसूळ झालीत. औषधं घ्या आणि वजनं उचला. हाडांना काम दिलं की ती तग धरतात.

"किती उचलायचंय?" मी विचारलं.

"नऊ किलो. पाटासकट."

मला वाटलं, म्हातारी माझी फिरकी घेतेय. मग त्यांनी सांगितलं. त्यांच्या घरी गणपती गाडीतून येत नाही. कारखान्यापासून देवघरापर्यंत घरच्या माणसाच्या हातावर येतो, वाटेत कुठेही टेकवायचा नाही. काका होते तोवर काका आणायचे. ते गेल्यावर कल्याणचे दीर येऊन आणू लागले. मनगट मोडल्यावर तेच म्हणाले, "वहिनी, आता तुमच्यानं एवढं सगळं होणार नाही. गणपती आमच्याकडे नेतो." माणूस वाईट नव्हता. पण त्या घरात काकू एकट्या. वर्षातून एकदा घर भरायचं ते त्या गणपतीमुळे.

"मी म्हटलं, भाऊजी, मी माझ्या हातांनी आणला तर? ते हसले. मग म्हणाले, आणा, मग मी शब्द काढणार नाही." एवढं सांगून काकूंनी पदर खोचला. "कर सुरू."

पहिले दोन महिने नुसतं खुर्चीवर बसायचं आणि उठायचं. मग पाण्याच्या बाटल्या. मग पाट आला, घरचाच. काकू दर आठवड्याला म्हणायच्या, "पावशेर वाढव गं." मी ओरडायचे, "काकू, हे भाजीचं दुकान आहे का?" त्या ढिम्म. रुमाल घालायच्या, कारण आणताना देवाचं तोंड झाकलेलं असतं. आरशापासून खिडकीपर्यंत चालायच्या, ओठ हलत असायचे. खिडकीशी आल्या की मी पाट काढून घ्यायचे. मनगटाची मला धास्ती होती ना.

गणपती आणायच्या दिवशी मीही गेले. काकूंनी पाटासकट मूर्ती छातीशी धरली आणि चालू लागल्या. चार गल्ल्या. माझ्या आठवणीत त्या चार गल्ल्यांना आवाजच नाही. झांजा होत्या, रिक्षा होत्या, पण मला आठवतो तो वाऱ्यानं हलणारा रुमाल आणि त्या बुटांची सावकाश पावलं. दारात मी त्यांचे बूट काढले, पायांवर पाणी घातलं, भाकरतुकडा ओवाळला. काकू मखरापुढे गेल्या आणि थांबल्या.

"ठेवा ना," कुणीतरी म्हणालं.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "अगं, ठेवायचा कसा?"

मी कपाळावर हात मारून घेतला. दहा महिने मी त्यांना उचलायला शिकवलं, चालायला शिकवलं आणि दर वेळी ओझं माझ्या हातांनी उतरवलं. ठेवायला शिकवलंच नव्हतं! अक्कल गहाण टाकलेली, दुसरं काय. दीर पुढे झाले, हात पसरून. त्यांनी घेतला असता तर संपलं असतं.

"काका, थांबा!" मी ओरडले. "काकू, कंबर नाही वाकवायची. खुर्चीवर बसता तशा बसा. सावकाश."

काकू बसू लागल्या. खुर्ची नव्हतीच, तरी बसल्यासारख्या, इंच इंच खाली. माझे हात पाटाखाली होते, पण लावले नाहीत. देवाशप्पथ लावले नाहीत. पाट चौरंगाला टेकला.

दीर डोळे पुसत म्हणाले, "वहिनी, पुढच्या वर्षी मूर्ती जरा लहान घेऊ."

काकू धापा टाकत म्हणाल्या, "पावशेर वाढवा."

अजून तीन वर्षं गणपती त्यांच्याच हातावर आला. चौथ्या वर्षाच्या चैत्रात काकू झोपेतच गेल्या. मनगट शेवटपर्यंत शाबूत होतं, याचा मला वेड्यासारखा अभिमान वाटतो. पाट माझ्याकडेच राहिला. बरेच दिवस तीन वाजता माझे हात आपोआप खिडकीकडे पुढे व्हायचे.

परवा गिरणी सुरू झाली आणि जिन्यावर पावलं वाजली. कल्याणचे दीर. आता तेही सत्तरीचे. "गणपती आता माझ्याकडे असतो," ते म्हणाले. "गेल्या वर्षी हात भरून आले. मला शिकवाल?"

मी कोपऱ्यातला पाट काढला, पिशव्या ठेवल्या. त्यांनी खिशातून पांढरा रुमाल काढून वर पसरला. वहिनींच्या कपाटात सापडला, म्हणाले. मला रडू आलं, आणि मी ते लपवलं नाही.

ते पाट उचलायला वाकले. मी म्हटलं, "थांबा काका. आधी ठेवायला शिकायचं."