चेंबर न धुता बसवलेला फिल्टर

सरळ सांगतो, आबांची गाडी मी संपवली.

आबा म्हणजे माझे वडील. त्यांची ती गाडी इतकी जुनी, की तिच्या इंजिनाला ऑइल फिल्टरच नव्हता. तेलातला मळ खाली चेंबरमध्ये बसायचा. आबा दर दोन महिन्यांनी गाडीखाली शिरून गरम तेल सोडायचे, दोन बोटांत चोळून बघायचे. मग गुडघे गेले. "द्या भंगारात," म्हणणारे सुरू झाले. जुनं ते भंगार, ही कुणाची अक्कल? मी त्यावर पत्रक काढलं, जळगावात चौकाचौकांत वाटलं. आणि ठरवलं, ट्रॅक्टरचा फिल्टर लावायचा, भारीतलं नवं तेल घालायचं. आबांना खाली शिरायलाच नको.

मिस्त्री म्हणाला, "दादा, फिल्टर बसवतो. पण आधी चेंबर खोलून धुवावा लागेल. नवं तेल जुना गाळ सोडवतं. दोन दिवस द्या."

आबाही म्हणाले, "बठ्ठा गाळ खाले बसेल शे. पहिले तो काढ."

दोन दिवस कुठले? धुळ्याला आबांची थोरली बहीण, आक्का, आजारी. लग्न होऊन ती याच गाडीतून सासरी गेली होती. रविवारी गाडी आणतो, तुला गावातून चक्कर मारून आणतो, असा आबांनी तिला फोनवर शब्द दिलेला, आणि शनिवार उजाडला होता. मी भाषण ठोकलं. मिस्त्रीने चेंबर न खोलताच फिल्टर बसवला, नवं तेल ओतलं.

रविवारी निघालो. पारोळ्याच्या पुढे आबा म्हणाले, "तेलना काटा खाले उतरी ऱ्हायना."

"तेलाच्या दाबाचा तो काटाच जुना आहे, आबा. चालवा तुम्ही."

उभ्या जन्मात गाडीबाबत त्यांनी कुणाचं ऐकलं नव्हतं. माझं ऐकलं.

थोड्या वेळात इंजिन ठोकायला लागलं, मग जाम. सुटलेल्या गाळाने पंपाची जाळी बुजली होती, तेल वर चढलंच नव्हतं. आबा स्टिअरिंगवर हात ठेवून बसून राहिले. शिव्या दिल्या असत्या तरी चाललं असतं.

एसटीने पोचलो. आक्का नवं लुगडं नेसून ओट्यावर बसलेली. आमच्या मागे रस्त्याकडे बघत म्हणाली, "भाऊ, गाडी कोठे शे?"

आबाच बोलले, "वाटमा बसनी, आक्का. मनीच चूक. चेंबर धवानं ऱ्हाई गयं."

"गाडी नही, तूच म्हातारा व्हई गया!" ती हसली. आबाही हसले.

चौकात माइक हातात असला की मला कुणी गप्प करून दाखवावं. तिथे मी पाण्याचा तांब्या धरून नुसता उभा. 'चूक माझी', एवढं एक वाक्य पुरलं असतं.

पुढच्या महिन्यात आक्का गेली. तिच्या लेखी गाडी आबांनीच घालवली.