नव्वद किलो सातशे ग्रॅम

लोकांच्या घरी भांडी साचतात, आमच्या घरी किस्से. माझा नवरा प्रफुल्ल व्यावसायिक बॉक्सर आहे, आणि मला आनंदाचं काही आठवत नाही, संतापाचंच लक्षात राहतं. म्हणून साठा मोठा. तीन वर्षांच्या ओवीला भरवताना एकेक घोळवत बसते. ऐका आणि मला भांडकुदळ म्हणा. सासूबाई म्हणतातच.

*

प्रफुल्लचा गट क्रूझरवेट. म्हणजे लढतीआधी वजन नव्वद किलो सातशे ग्रॅमच्या वर जायला नको. घरातला काटा तेवढ्या वजनाला केव्हाच दबला. मग आमच्या मूल गावातल्या एका राइस मिलमध्ये, जिथे धान मोजतात, तिथे तो रोज सकाळी पोत्यांच्या रांगेत उभा राहायचा. हमालांनाही गंमत वाटायची. काटा सांगायचा नव्वद पाचशे. मीही खूश, संध्याकाळी पोळी जास्तीची वाढायची.

नागपूरला वजन झालं, त्र्याण्णव! स्वेटरवर रेनकोट घालून भर उन्हात दोन तास पळवलं त्याला. वजन उतरलं, अंगातली ताकदही उतरली. दुसऱ्या दिवशी हरला.

परत आल्यावर मी मिलमालकाला गाठलं. तुमचा काटा अडीच किलो कमी दाखवतो, म्हटलं. तो शांतपणे म्हणाला, "बाई, तो काटा धानाचा आहे. माणसाले कोनं उभं राहा म्हटलं होतं?"

रांगेत चार शेतकरी होते. त्यांनी ऐकलं, आणि पोती त्याच काट्याकडे पुढे सरकवली.

*

थंडीत, नाटकांच्या हंगामात, वडसा गावाहून नाटकमंडळीतला एक जण घरी आला. नव्या नाटकात मारामारी होती, स्टेजवर खरा बॉक्सर दिसला तर मंडप भरेल म्हणाला. काम एवढंच की हिरोचा एक ठोसा खाऊन पडायचं. हिरो पंचावन्न किलोचा.

"मी खोटा नाई पडत, भाऊ," प्रफुल्ल म्हणाला. मला इतका अभिमान वाटला की त्या माणसाला मी चहासुद्धा विचारला नाही.

आठवड्याने हैदराबादहून एका आयोजकाचा फोन आला. आमच्या भागात या वजनाचा दुसरा कुणी नाही, त्यामुळे ऐनवेळी कोणी गळालं की यांना प्रफुल्ल आठवतो. सहा दिवसांनी लढत होती. समोरचा त्यांचा लाडका, तीन महिने तयारी केलेला. पाचव्या राउंडला प्रफुल्ल खरा पडला, डोकं आपटून.

नाटकवाला निदान खाली गादी घालणार होता.

*

पडल्याची ती क्लिप, पंचाच्या मोजणीसकट, आमच्या आळीत सगळ्यांच्या मोबाइलवर आली. प्रफुल्ल दवाखान्यातून घरी यायच्या आधी आली. "वहिनी, तुमच्या ग्रुपवर टाकली पाहा," असं सांगायला एक जण दारापर्यंत आला होता.

महिन्याभराने अंगणवाडीतल्या बाईंनी मला मुद्दाम थांबवलं. ओवी फार हुशार, इंग्रजी आकडे येतात म्हणाल्या. "वन, टू, थ्री, अगदी बोटं दाखवून म्हणते. तुम्ही शिकवता वाटते?"

मी आकडे शिकवले नव्हते. घरी येऊन तिला म्हणायला लावलं. ती आधी जमिनीवर पालथी झोपली.

*

त्यानंतर प्रफुल्ल विसरायला लागला. भाजीत दोनदा मीठ टाकलं. दूध आणायला गेला आणि आम्ही पूर्वी भाड्यानं राहायचो त्या घराचं दार वाजवत बसला. मी रोज सकाळी वार विचारायला लागले. डी.एड. झालेल्या बाईला प्रश्न विचारण्यापलीकडे काय सुचणार? सासूबाई म्हणाल्या, "तू त्याले रोज परीक्षेले बसवतं, मंग काऊन नाई भुलणार तो?" दोन रात्री मला तेही पटलं होतं.

नागपूरच्या डॉक्टरांनी स्पष्ट लिहून दिलं, यापुढे डोक्यावर एकही ठोसा नको. तो कागद मी पुढच्या लढतीच्या आयोजकाला दाखवला. त्यानं तो नीट घडी करून परत दिला आणि म्हणाला, "वहिनी, डॉक्टर तर चहापन बंद करायले सांगतात."

*

ती लढत चंद्रपूरलाच होती. आदल्या दिवशी हॉटेलच्या खोलीत आयोजकांनी आणलेला डॉक्टर तपासणार होता. त्याची सही झाली तर लढत, नाही तर प्रफुल्लचं बॉक्सिंग तिथेच संपलं.

सकाळी घरी प्रफुल्लनं डावा हात पुढे केला. "लिहून दे. धीर राह्यते." वार, गाव, माझं नाव, ओवीचं नाव. मी नाही म्हणायला हवं होतं. पण एवढा मोठा माणूस खाली बघत तळहात पुढे करून उभा होता. मी बॉलपेन आणलं.

डॉक्टर तरुण होता आणि घाईत होता. रक्तदाब पाहिला, डोळ्यांत टॉर्च मारला. मग विचारलं, आज वार कोणता? शनिवार. गाव? मूल. दोन्ही बरोबर. बायकोचं नाव? मी समोरच बसले होते. प्रफुल्लनं मांडीवरच्या हाताकडे बघितलं आणि म्हणाला, "स्मिता."

मुलीचं?

पुन्हा खाली बघितलं. जरा वेळ लागला. "ओवी."

आयोजकाचा माणूस हसला. डॉक्टरनं फॉर्म ओढला, पेनाचं टोपण काढलं. मी उठले, प्रफुल्लचा डावा हात धरला, मूठ उघडली आणि तळहात त्या फॉर्मवर ठेवला. त्यानं हात ओढून घेतला नाही.

डॉक्टरनं चारही ओळी वाचल्या. एकदा प्रफुल्लकडे बघितलं, मग पेनाला टोपण लावत विचारलं, "अक्षर कोणाचं आहे हे?"

"माझं," मी म्हणाले.