साडेबारा हजार किलोमीटर आणि चमचाभर दही

सुरुवातीलाच सांगतो, भुतंखेतं, साक्षात्कार वगैरे मंडळींशी माझं कधीच जमलं नाही. घरातला सत्यनारायणसुद्धा मी घड्याळाकडे बघत उरकायला लावायचो... खडकीच्या एका कारखान्यात तेहेतीस वर्षं टाइमकीपर होतो, कामगारांच्या येण्याजाण्याच्या वेळा लिहायचो. तेव्हा खाली दिलेल्या वेळांबद्दल कृपया शंका काढू नये.

राहायला नारायण पेठेत, दुसरा मजला. मुलगी मुग्धा टोरांटोला. पुणे ते टोरांटो साधारण साडेबारा हजार किलोमीटर — फ्रँकफर्टला विमान बदलून, दारातून दारात अठ्ठावीस तास. हे मला पाठ, कारण माझी बायको सुमन रोज विचारायची, "अहो, आत्ता निघाली तर कधी पोहोचेल?" मी रोज हिशेब करून सांगायचो. निघत कोणीच नव्हतं.

सहा वर्षांपूर्वी मुग्धा गेली तेव्हा खाली टॅक्सीवाला हॉर्न वाजवत होता. सुमन दह्याची वाटी घेऊन धावत आली. आमच्याकडे निघणाऱ्याच्या तळहातावर चमचाभर दही देतात, ते चाटून मगच उंबरा ओलांडायचा. मी म्हणालो, "विमान काय तुझ्या दह्यासाठी थांबणारे?" मुग्धा तशीच गेली. पुढे नोकरी, व्हिसा, सुट्ट्या... येणं काही जमेना. "माझ्या हातचं दही राहिलं हो तिचं," सुमन म्हणायची. मी चिडायचो, कारण चूक माझी होती.

गेल्या उन्हाळ्यात सुमनचे डॉक्टर म्हणाले, आता यांना घरी न्या. मुग्धाला कळवलं, ती लगेच निघाली. आपल्या पहाटे चारला तिचं विमान उडालं. मी सुमनला सांगितलं, "उद्या पहाटे साडेपाचला ती दारात. तेवढं थांब गं." तिने मान हलवली.

सकाळी सव्वानऊला तिने दही मागितलं. दोन दिवस घोटभर पाणी उतरत नव्हतं, तरी मी वाटी आणली. तिने चमचा भरला, हवेत पुढे धरला आणि म्हणाली, "हात पुढे कर गं." मग चमचा उलटा केला. चादर खराब होईल म्हणून मी खाली ओंजळ धरली... काहीच पडलं नाही. चादरीवर नाही, फरशीवर नाही. खाटेखाली बॅटरी मारून पाहिलं. चमचा मात्र रिकामा.

पावणेबाराला सुमन गेली.

थोड्या वेळाने फ्रँकफर्टहून मुग्धाचा फोन आला. "आई कशीये?" मी म्हणालो, "झोपलीय." आयुष्यात पहिल्यांदा खोटी नोंद केली.

चौथ्या दिवशी मुग्धा माझ्याजवळ येऊन बसली. "बाबा, विमानात डोळा लागला होता. हाताला गार लागलं म्हणून जाग आली. तळहातावर दही होतं. अर्धवट झोपेतच चाटलं मी. किंचित आंबट, आईच्या विरजणाचं. समोरच्या स्क्रीनवर फ्रँकफर्टला सव्वादोन तास राहिलेले दिसत होते."

"नाश्ता दिला असेल त्यांनी."

"दिवेसुद्धा लावले नव्हते अजून."

ते विमान आपल्या साडेअकराला उतरलं होतं. वजाबाकी तुम्हीच करा, मी चारदा केलीय.

"पण दही तर जाणाऱ्याला देतात ना, बाबा?" ती म्हणाली. "मी तर येत होते."

याचा उलगडा मला आजही झालेला नाही, आणि खरं सांगायचं तर तो शोधतही नाही. छळतं ते वेगळंच. त्या सकाळी निघाली होती ती सुमन. दह्याची वाटी माझ्या हातात होती, आणि तिच्या तळहातावर चमचाभर ठेवायचं मला सुचलं नाही.