गांठ खंय ती दाखय

"हात वयर कर गे आज्ये. गांठ खंय ती दाखय."

मी डॉक्टरांच्या तपासणीच्या टेबलावर आडवी. पोलक्याची हुकं काढलेली. पडदा उघडाच, कारण तो ओढायचं कोणाला सुचलं नव्हतं. बाहेरच्या बाकावरची माणसं मला दिसत होती, म्हणजे मीही त्यांना दिसत असणार. डॉक्टरांच्या मागे शिकाऊ डॉक्टर, दोन मुलगे आणि एक मुलगी. नातवंडांनो, तुमच्याहून थोडे मोठे.

मी हात वर केला. "गांठ ना," मी म्हटलं, म्हणजे गाठ नाही. "पूण हांगा दाट लागता. हात वयर केल्यार भितल्ल्यान ओडटा."

आतून ओढतं एवढं सांगून झालं; पीठ मळताना एका जागी घट्ट राहून जातं, तसं लागतं, हेही सांगायचं होतं. तेवढ्यात डॉक्टरांनी दोन बोटं दाबली आणि मुलांकडे वळून इंग्रजीत म्हणाले, "मुलं पोर्तुगीज पासपोर्टावर परदेशी निघून गेली की या म्हाताऱ्यांच्या छातीत काहीतरी होतं. हिला बायोप्सी नको, व्हिसा हवा."

मुलगे हसले. मुलगी जरा उशिरा हसली. पण हसली.

मुलांनो, तुमची आजी डिचोलीला खाण कंपनीच्या ऑफिसात स्टेनो होती. साहेब इंग्रजीत बोलायचे, मी उतरवून घ्यायची. एक शब्द इकडचा तिकडे चालत नसे. म्हणून ते वाक्य आजही माझ्याजवळ जसंच्या तसं आहे. पण त्याच नोकरीनं मला आणखी एक सवय लावली होती. साहेबानं बोलायचं, आपण मान हलवायची.

केरीहून बसेस बदलत पणजीला आलेली, चुरगळलेल्या सुती साडीतली विधवा. हिला कुठलं इंग्रजी कळणार? मला सगळं कळलं. मी उठले. हुकं भलत्याच घरात अडकवली. आणि म्हणाले, "थँक यू, डॉक्टर."

थँक यू. कशाबद्दल?

'मनाच्या समाधानासाठी' म्हणून त्यांनी मॅमोग्राम काढायला लावला. रिपोर्ट नॉर्मल आला. तुमचे बाबाही त्याच पासपोर्टावर गेलेले; ते फोनवर म्हणाले, "बघ, उगाच घाबरलीस." मी हो म्हटलं. पण आंघोळ करताना डाव्या बाजूला साबण लावायची वेळ आली की मी जनेलाच्या गजांतून बाहेर बघायची. आत काहीतरी आहे, ते फक्त मला कळतंय, आणि कोणी विश्वास ठेवणार नाही. आजाराइतकीच मला त्याची भीती वाटायची. घरात एकटी असले की मोठ्यानं रेडिओ लावायची.

मग चवथ आली. गणपतीच्या वर माटोळी बांधायची होती. तुम्ही पाहिली आहे ती, रानातल्या फळांची लाकडी चौकट. मी स्टुलावर उभी, माझी धाकटी जाऊ सुमित्रा खालून आंबाडे आणि तोरंजनं देत होती. मी दोन्ही हात वर करून दोर आवळत होते. सुमित्रा एकदम थांबली.

"वयनी, हांगा पोलकें भितर कित्याक वता?"

डावीकडे पोलकं आत ओढलं गेलं होतं. तिनं मला खाली उतरवलं, खोलीत नेलं, दार लावलं. आरशासमोर हात वर करायला लावले. कातडीला खळगा पडला होता, ओल्या मातीत अंगठा दाबल्यासारखा.

"त्या दोतोराचे दोळे खंय आशिल्ले?" ती म्हणाली. उघड्या पडद्याचं आणि बाहेरच्या बाकाचं मी तिला सांगितलं होतं. "भायर बांकार?"

एरवी मी हसले असते. मी खळग्यावर बोट ठेवून पाहिलं. बाहेर सगळे फळांसाठी हाका मारत होते.

चवथ सरली आणि मी पुन्हा त्याच खोलीत उभी राहिले. तेच टेबल. पडदा तसाच.

"हात वयर कर."

केला नाही. मी इंग्रजीत म्हणाले, "आधी पडदा ओढा."

कोणी हललं नाही. मीच पुढे झाले आणि ओढला. कड्यांचा आवाज केवढा मोठा झाला.

"मॅमोग्राम नॉर्मल आहे," डॉक्टर म्हणाले. आता तेही इंग्रजीत.

मी त्यांचं मागचं वाक्य त्यांना म्हणून दाखवलं. एक शब्द इकडचा तिकडे न करता. मग म्हटलं, "व्हिसा माझ्याजवळ आहे, डॉक्टर. मला बायोप्सी हवी आहे."

मी हात वर केला. खळगा दिसला. डॉक्टरांनी बायोप्सीसाठी सुई घातली.

कॅन्सर निघाला.

आता मी दुसऱ्या डॉक्टरांकडे जाते. त्या बाई खुर्ची ओढून समोर बसतात. त्यांनी समजावलं ते असं: छातीतल्या पेशी एकमेकींचे हात धरून उभ्या असतात. हात धरायला त्यांच्याजवळ एक चिकट प्रथिन असतं. त्या पकडीवरच मुलगी वयात येताना दुधाच्या नळ्यांना फांद्या फुटतात, आणि बाळंतपणात दुधाच्या पिशव्या फुगल्या तरी उसवत नाहीत. माझ्या आजारात ती पकडच गेलेली असते. पेशी सुटतात आणि एकामागून एक, रांगेनं, मांसातून चालू लागतात. घोळका करत नाहीत. म्हणून बोटांना गाठ लागत नाही, मॅमोग्रामच्या फोटोतही पुष्कळदा दिसत नाही.

गाठ नव्हतीच. मी खरं तेच सांगितलं होतं.

मग त्यांनी विचारलं, "घरात कोणाला पोटाचा कॅन्सर?"

"माझ्या आईला," मी म्हटलं. त्यांनी ते लिहून घेतलं. काही घराण्यांत ती पकड तयार करायची सूचनाच जन्मापासून बिघडलेली असते, म्हणाल्या. मग छाती आणि पोट, दोन्हीकडे बघावं लागतं. माझं रक्त तपासायला गेलंय. उत्तर आलेलं नाही.

ऑपरेशन झालं. डावी बाजू सपाट आहे. हा आजार बऱ्याच वर्षांनीही परत येऊ शकतो, असं त्यांनी लपवून न ठेवता सांगितलं. मला भीती वाटते. फोन वाजला की वाटते. मनू, पोरी, तुझा फोटो बघताना सगळ्यात जास्त वाटते; तेच रक्त तुझ्यातही आहे.

तुझे बाबा म्हणतात, "पोरांना यातलं काही सांगू नकोस." मी आयुष्यभर दुसऱ्यांचं सांगणं उतरवून घेतलं. हे माझं आहे. म्हणून लिहिलं. रक्ताचं उत्तर येईल तेही लिहीन, चांगलं असो की वाईट, ज्या शब्दांत येईल त्याच शब्दांत.

सोमवारी तपासणी आहे. भीती आहेच. तरी मी जाणार. पडदा ओढल्याशिवाय माझ्या पोलक्याचं एकही हूक निघणार नाही.