स्क्रूवरची पिवळी रेघ

मुलीला नवा कॉम्प्युटर हवा होता आणि मला काहीच नको होतं. यात भांडण्यासारखं काही नव्हतं, तरी भांडण झालं. ती मेकॅनिकल डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला आहे. घरातला जुना कॉम्प्युटर डिझाइनचं सॉफ्टवेअर उघडतानाच धापा टाकायचा. तिने वहीच्या मागच्या पानावर यादी केली होती: बोर्ड, प्रोसेसर, रॅम, ग्राफिक कार्ड. सुटे भाग आणून घरीच जोडू, म्हणाली. मी म्हणालो, तयार घेऊ. बटण दाबलं की चालू, बिघडला तर कंपनीचा माणूस येतो.

"पप्पा, हा आईनंच जोडला होता ना?"

"तेव्हा आई होती," मी म्हणालो आणि टीव्हीचा आवाज वाढवला.

तिची आई जाऊन आठ महिने झाले होते. डेंगी झाला, चार दिवसांत सगळं संपलं. मी रडलो नाही, दहाव्यालाही नाही. लोक म्हणाले, धीराचा गडी आहे. धीर कसला, मी बधिर झालो होतो. कासारवाडीहून पहिल्या शिफ्टची बस पकडायचो, चाकणला उतरायचो, डबा खायचो. डब्यात कसली भाजी होती, हे हात धुताना कुणी विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. तयार कॉम्प्युटर घेऊ म्हणालो त्यामागे वॉरंटी वगैरे काही नव्हतं. मला कशालाच हात लावायचा नव्हता, एवढंच.

कंपनीत मी शेवटच्या तपासणीवर आहे. लाइनवरचा माणूस बोल्ट आवळतो आणि बोल्टच्या डोक्यावरून खालच्या पत्र्यापर्यंत रंगाच्या पेनाने एक रेघ ओढतो. बोल्ट जरा जरी फिरला तर रेघ तुटलेली दिसते. मी दिवसभर त्या रेघा बघतो, एकवीस वर्षं तेच बघतोय. बोल्ट उघडून पुन्हा आवळला असेल तर जुनी रेघ थिनरने पुसून दुसऱ्या रंगाची ओढायची, असा नियम आहे. कारण जुनी रेघ जुळली म्हणजे बोल्ट घट्ट झालाच, असं नसतं. हे न पाळणाऱ्यांवर मी इतका ओरडलोय की माझ्या पाठीमागे ते माझी नक्कल करतात.

बायको महाळुंग्याला एका कंपनीत वायरिंगच्या लाइनवर होती. तिने ही सवय घरात आणली. कुकरचा दांडा, पलंगाचे बोल्ट, पंख्याचा हुक, जे आवळेल त्यावर पिवळी रेघ. मी चेष्टा करायचो, "मलाबी ओढ एक."

"तुमचा स्क्रू ढिला हाय हे कळायला रेघ कशाला लागती?" ती म्हणायची.

कोरोनात शाळा बंद होत्या त्या वर्षी तिने काळेवाडीच्या दुकानातून जुने भाग आणले आणि स्वयंपाकघरात चादर अंथरून हा कॉम्प्युटर जोडला. वायरी बघून म्हणाली, "हे तर आमच्याच कामातलं हाय." मी चहा करून दिला. माझा हातभार तेवढाच.

शेवटी माझंच खरं झालं. त्याच काळेवाडीच्या दुकानात मी तयार कॉम्प्युटर पसंत केला. दुकानदार म्हणाला, जुना डबा घेऊन या भाऊ, बदल्यात घेतो. शनिवारी सुट्टी होती, तो स्कूटरवर पुढे ठेवून नेला. दुकानदाराने काउंटरवर ठेवून फिरवला, तेव्हा त्याची मागची बाजू समोर आली. घरी ती कायम भिंतीकडे असायची. तिथल्या छोट्या पंख्याच्या चारही स्क्रूंवर पिवळ्या रेघा होत्या.

"हे रंगाचं काय लावलंय राव?" म्हणत त्याने एका स्क्रूला स्क्रूड्रायव्हर लावला.

"थांबा," मी म्हणालो. जरा जोरातच म्हणालो असेन, कारण बाजूचं गिऱ्हाईक वळून बघायला लागलं. "नाही द्यायचा."

"मग नवीन?"

"नवीन पण नाही. सुटे भाग द्या. यादी पाठवतो मुलीला विचारून."

मुलीला सांगितलं, डबा आपलाच ठेवू, आत सगळं नवीन घालू. तिने डबा बघितला, मागून, आणि रविवारसाठी चादर काढून ठेवली.

रविवारी सकाळी बसलो. बोर्ड, प्रोसेसर सगळं तिने केलं. पंखा धुळीने माखला होता, तो काढून पुसावाच लागला. परत बसवायला मात्र मी पुढे झालो. चारही स्क्रू हलक्या हाताने फिरवत आणले आणि रेघेला रेघ जुळताच थांबलो. चालू केला. पडदा उजळला, ती टाळ्या वाजवत हसली. तेवढ्यात मागून खडखड ऐकू यायला लागली.

"पप्पा, पंखा सैल आहे."

"रेघ जुळली आहे," मी म्हणालो.

तिने माझ्याकडे बघितलं. माझा नियम तिला पाठ आहे. ती खडखड ऐकतच चार दिवस तिने काम केलं. मी घरात असलो की मला बरं वाटायचं, कोणीतरी आत खुडबुड करतंय असं.

गुरुवारी मी शिफ्टवरून आलो तर ती काळ्या पडद्यासमोर बसली होती. पंखा हलून वायरीला अडकला, थांबला, मशीन तापून बंद पडलं. दुसऱ्या दिवशी दाखवायचं तिचं ड्रॉइंग निम्मं गेलं होतं. ओरडली असती तर मीही ओरडलो असतो. ती म्हणाली, "असू दे. पुन्हा काढते."

मला स्वतःची लाज वाटली. गेलेल्या बाईची रेघ सांभाळायला मी असलेल्या पोरीचं काम घालवलं होतं.

मी वायर बाजूला बांधली, स्क्रूड्रायव्हर घेतला. आटे झिजले होते, म्हणून रेघ जुळूनही पकड नव्हती. एकेक स्क्रू अर्धा फेरा पुढे नेला. चारही रेघा तुटल्या. चालू केलं आणि खडखड गेली. घर एकदम गप्प झालं. त्या शांततेत मला कळलं की तिची आई आता नाही, आणि मी हातात स्क्रूड्रायव्हर धरून ओक्साबोक्शी रडलो.

मुलगी पाठीवर हात ठेवून थांबली. मग आत जाऊन तिची लाल नेलपॉलिश घेऊन आली आणि चारही स्क्रूंवर नवी रेघ ओढली.

"पिवळी पुसू?" तिने विचारलं.

मी मान हलवून नको म्हटलं. कंपनीत असा पीस मी परत पाठवला असता.