अमावास्येला कोण असणार
पल्लवीला गिटच्या कमांड कधी पाठ झाल्याच नाहीत. मखमलाबादच्या मळ्यात झेंडू खुडत वाढलेली ही पोर डोक्याने तल्लख. पण सगळ्यांचा कोड एका जागी सांभाळणारं ते गिट समोर आलं की ती गोंधळून जायची. म्हणून ती एआयला विचारायची. तो कपाळाला आठ्या घालत नाही, ‘कालच सांगितलं होतं’ असं ऐकवत नाही. नव्या नोकरीत माणसाला आणखी काय हवं असतं?

कॉलेज रोडवरचं ते छोटं ऑफिस भाजीच्या व्यापाऱ्यांसाठी ॲप बनवायचं. मालक धनराजभाऊंचे वडील लासलगावचे कांदा व्यापारी. तिथे अमावास्येला लिलाव बंद असायचे, म्हणून इथेही त्या दिवशी सामायिक कोडला हात लावायचा नाही, असा भाऊंचा दंडक. पोरं मागे हसायची, पण पाळायची.

अमावास्येच्या दुसऱ्या दिवशी पल्लवीने आपलं काम पाठवलं, तर गिटने ते नाकारलं. आपण जुनी नोंद बदलली म्हणून अडलं असेल, असं तिने परस्पर ठरवलं आणि जबरदस्तीने पाठवायची कमांड एआयला विचारली. त्याने ती सांगितली, पण आधी बजावलं, की दुसऱ्या कुणी इथे काम पाठवलं असेल तर ते पुसलं जाईल. असं कुणी आहे का? पल्लवीने बेधडक लिहिलं, ‘नाही. काल अमावास्या होती, कुणीच काही पाठवलेलं नाही.’ त्या बिचाऱ्याने तिच्या शब्दावर विश्वास ठेवला.

दुपारी शेजारच्या खुर्चीतल्या स्नेहाचा चेहरा पांढराफटक पडला. तिने ताजा कोड उतरवून घेतला आणि तिचं बिलाचं पानच गायब झालं. बहिणीच्या साखरपुड्याला सटाण्याला जायचं म्हणून तिने काल अमावास्येलाच ते गुपचूप पाठवलं होतं. संध्याकाळी ते ग्राहकाला दाखवल्याशिवाय सुट्टी नाही, आणि भाऊंना सांगावं तर दंडक मोडल्याचं उघडं पडणार. हे सगळं तिने पल्लवीला कुजबुजत सांगितलं आणि डोळे पुसले.

सकाळी आपणच पुसलेलं काम ते हेच, हे पल्लवीच्या लक्षात आलं. तिने पुन्हा एआयला गाठलं. काही गेलेलं नाही, जुनी नोंद मैत्रिणीच्या कॉम्प्युटरवर शिल्लक असणार, असं त्याने सांगितलं आणि कमांडही दिल्या. पण त्या चालवायच्या होत्या स्नेहाच्याच कॉम्प्युटरवर. गुपचूप निस्तरायची सोय नव्हती. पल्लवीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तरी ती लॅपटॉप उचलून तिच्याकडे सरकली.

“माझ्यामुळे गेलं ते,” ती म्हणाली.

स्नेहाने आपला कॉम्प्युटर तिच्याकडे वळवला. दोघींनी मिळून कमांड चालवल्या, पान परत आलं, पल्लवीचं कामही त्यात नीट बसलं. मग स्नेहाने पल्लवीच्या लॅपटॉपवरचं ते संभाषण वरपासून वाचून काढलं.

“त्याने विचारलं होतं तुला, कुणी आहे का म्हणून,” ती हळूच म्हणाली. “मी इथंच तर बसले होते गं.”