तुकडेबाई

नवा रंगीत खडू हातात आला की बाई आधी तो जिभेला लावून बघायच्या आणि मग मोडायच्या. हा क्रम कधी बदलला नाही. पेणच्या बाजारातल्या दुकानात गर्दी असो नसो, त्या खोकं उघडायला लावत, एकेक रंग चाखत आणि नापसंत असेल तो काउंटरवर वेगळा ठेवत. दुकानदार म्हणायचा, "बाई, पुढच्या टायमाला बाजूला मीठ-मिरची ठेवतो." बाई म्हणायच्या, "ठेवा. पण हा गुलाबी परत घ्या. कडू लागतो आणि बोटाला लागला की जात नाय. माझी पोरं तीन वर्षांची हायत. ती खडू आधी खाणार, मग चित्र काढणार. खाऊन बघायचं काम माझं."

रामवाडीच्या आमच्या बालवाडीत त्यांना सगळे तुकडेबाई म्हणत. आधी मुलांनी म्हटलं, मग पालकांनी, शेवटी शिपाईमावशींनीही. चार वर्षं मी त्यांच्या हाताखाली होते. आता रोह्याला एका ग्रंथालयात असते, पुस्तकांच्या पाठींवर क्रमांक चिकटवते. बाई या वर्षी गेल्या. गेल्या तेव्हा त्यांच्याजवळ वर्ग नव्हता. तो त्यांच्याकडून काढून घेतला होता, आणि काढून घेताना ज्या कागदाचा आधार घेतला त्या कागदावरचं अक्षर माझं होतं. मी फार बोलणारी नव्हे. राग आला की माझा आवाज चढत नाही, उतरतो. म्हणून लिहिते आहे.

तुकड्यांमागचं कारण मला पहिल्याच आठवड्यात कळलं. मी नवंकोरं खोकं मुलांपुढे ठेवलं. बाईंनी ते उचललं, जमिनीवर बसल्या आणि एकेका खडूवरचा कागद सोलून त्याचे तीन-तीन तुकडे करू लागल्या. कट्, कट्. खडू मोडला म्हणून लहानपणी मार खाल्लेली मी, मला ते बघवेना. "बाई, नवे आहेत," मी म्हटलं.

"म्हणूनच. हे बघ." त्यांनी एका मुलीला अख्खा खडू दिला. तिने तो मुसळ धरावं तसा मुठीत धरला. मग तिला अंगठ्याच्या पेराएवढा तुकडा दिला. मुठीत तो नाहीसाच होत होता, म्हणून तिने तो आपण होऊन चिमटीत धरला. कोणी शिकवलं नव्हतं.

"अख्खा खडू मूठ मागतो, तुकडा बोटं मागतो," बाई म्हणाल्या. "आणि सोललेला असला की आडवा पण चालतो. आता तू मोड." पहिला खडू मोडताना माझा हात अडखळला. तिसऱ्या खोक्यापर्यंत मला मजा येऊ लागली होती.

कुंचल्यांच्या बाबतीतही तेच. पेणला गणपतींचे कारखाने गल्लोगल्ली. त्यांतल्या एकात मूर्तींच्या डोळ्यांची आखणी करणारे एक वयस्कर कारागीर होते. झिजलेले कुंचले ते एका डब्यात टाकत. बाईंनी डबा मागितला तेव्हा ते म्हणाले, "बाई, ह्यांच्यात काय राहिलं नाय. बुटके झाले."

"बुटकेच द्या, दादा. माझे चित्रकार पण बुटके हायत."

ते कुंचले बाई दिवसचे दिवस पाण्यात भिजवत, धूत, हुंगत. रंगाचा जरासा वास उरलेला असला तर कुंचला बाद. उरलेल्यांच्या दांड्या कापून टोकं दगडावर घासून गुळगुळीत करत. हे सगळं घरी, आपल्या वेळात. वर्गात फक्त मुलं आणि जमिनीवर पसरलेला खाकी कागद असे, आणि पालथं पडून रंगवणाऱ्या मुलांचे हवेत हलणारे पाय.

त्यांच्या तोंडी एक शब्द फार असायचा, गिरगटणं. पालकांना गिरवणं हवं असायचं. ठिपके जोडून अ, ठिपके जोडून कमळ. बाई म्हणत, "गिरवायला जन्म पडलाय. आधी गिरगटू दे." मिठागरावर कामाला जाणारी एक आई एकदा तावातावाने वर्गात आली. "बाई, शेजारची पोर कमळ रंगवते. आमची निसतं गिरगटते. काय शिकवता काय तुमी?"

बाईंनी तिच्या मुलीचा कागद तिच्या हातात दिला. राखाडी तुकडा आडवा घासून सगळा कागद काळपट केलेला आणि एका कोपऱ्याजवळ पांढरा ठिपका. "मला नको विचारू. तिला विचार," बाई म्हणाल्या.

"काय हाय गो ह्ये?"

"खाडी हाय," मुलगी म्हणाली. "ती तू हायस. तुला मीठ लागलंय."

आईने त्या पांढऱ्या ठिपक्यावर बोट ठेवलं. मग म्हणाली, "मी एवढुशी हाय व्हय गो?"

"लांब हायस ना."

ती आई पुन्हा कधी कमळाचं बोलली नाही. तो कागद घडी न करता, गुंडाळी करून घरी घेऊन गेली.

हे सगळं ज्यांनी मोडलं त्यांना मुलांशी वैर नव्हतं. तसं असतं तर मला राग करणं सोपं गेलं असतं. संस्थेला बालवाडी नीटनेटकी करायची होती, इतकंच. कार्यवाह सरांनी रंगभरणाच्या छापील वह्या मागवल्या. बदक, छत्री, कमळ, गणपती. सोबत बारीक टोकाचे स्केचपेन. बाईंनी त्यातला निळा जिभेला लावला आणि तसाच निळा ओठ घेऊन सरांच्या खोलीत गेल्या. मी मागे होते.

"सर, हा सकाळपासून धुते, जात नाय. टोक इतकं बारीक, पोरं दाबतात, टोक आत जातं. आणि चित्रं तर आधीच काढलेली हायत. पोरांनी काय करायचं?"

"रंग भरायचा, बाई. रेषेच्या आत."

"आत कशाला? रेष त्यांची नाय."

सर हसले. बाईंच्या ओठाकडे बघून हसले. पालकांना वहीत प्रगती दिसायला हवी, असं काहीसं म्हणाले. पंचवीस वर्षं तीन वर्षांच्या मुलांची बोटं बघितलेली बाई समोर उभी होती आणि तिला हसण्यावारी नेलं गेलं. नीट ऐकून नाही म्हटलं असतं तर मी ते विसरले असते. ते हसू मी विसरलेले नाही.

वर्षाच्या शेवटी साहित्याची यादी करायची होती. माझं अक्षर बरं, म्हणून ते काम माझ्याकडे. बाई मला लेखनिकच म्हणत. तेलखडूंच्या खोक्यांपुढे शेरा लिहायचा होता. "लिही, तोडलेले," बाई म्हणाल्या आणि मुलांचे हात धुवायला गेल्या.

मला तो शब्द कठोर वाटला. शिक्षिकेने स्वतःच साहित्य तोडलं, हे कागदावर कसं दिसेल? मी सावकाश, वळणदार अक्षरात लिहिलं, तुटलेले. ओकाराच्या जागी उकार, 'ड'च्या जागी 'ट'. मला वाटलं, मी बाईंना सांभाळून घेतलं.

पंधरा दिवसांनी त्यांना पत्र मिळालं. साहित्याची निगा न राखल्यामुळे वर्ग काढून घेण्यात येत आहे. यापुढे वरच्या मजल्यावरचं भांडार सांभाळावं. बाई विचारायला गेल्या तेव्हा सरांनी यादी पुढे केली. "तुमच्याच वर्गातून आलेली आहे." बाईंनी वाचली, अक्षर ओळखलं आणि बाहेर आल्या. जिन्यात थांबून मला म्हणाल्या, "अगं लेखनिक, तोडलेले लिहिलं असतंस तर त्यांना 'का' असं विचारावं लागलं असतं. तुटलेलं आपलं आपण तुटतं. त्याला कोण काय विचारणार?"

एवढंच. मला त्यांनी बोल लावायला हवा होता. त्यांनी लावला नाही, हे मला अजून जड जातं. मी दुसऱ्या दिवशी सरांकडे गेले, शब्द चुकला आहे, माझी चूक आहे म्हणून सांगितलं. ते म्हणाले, "यादीवर सह्या झाल्यात, मॅडम. आणि एका शब्दाने काय होतंय?" मी मान खाली घालून बाहेर आले. माणसाचा वर्ग जातो, सर, एवढं एक वाक्य मला तिथे सुचलं नाही. सुचलं ते वर्षभराने, रोह्याला, पुस्तकं लावताना.

कारण तोपर्यंत मी नोकरी सोडली होती. बाई राहिल्या. खाली मुलं बदकं पिवळी करत होती आणि वर त्या खोक्यांवर चिठ्ठ्या डकवत होत्या. एकदा वडखळच्या थांब्यावर भेटल्या. बस यायला वेळ होता. पिशवीतून पत्र्याचा डबा काढून त्यांनी झाकण उघडलं. आत तुकडे. "सवय राहिली गो," म्हणाल्या. "पोरं नसली तरी मोडते."

त्या गेल्यावर संस्थेचं पत्र आलं. त्यांच्या स्मृतिप्रीत्यर्थ रंगभरण स्पर्धा आणि मी त्यांची जुनी सहकारी, म्हणून परीक्षक. नियम छापलेले होते. पहिला नियम, रंग रेषेबाहेर जाऊ नये. मी पत्र दोनदा वाचलं. यात कोणी खोडसाळपणा केला असता तरी एवढा नेमका साधला नसता. 'नाही' असं कळवणार होते. मग कळवलं, येते.

सभागृहात सतरंजीवर मुलं बसली होती. प्रत्येकापुढे छापलेला गणपती आणि तेलखडूंचं नवं खोकं. भिंतीवर बाईंचा फोटो, त्याला हार. मी परीक्षकाच्या खुर्चीवर न बसता पहिल्या रांगेतल्या मुलीसमोर खाली बसले. तिचं खोकं उघडलं. एकेक रंग जिभेला लावला. मुलगी हसली. मग कागद सोलून मोडायला लागले. सभागृह मोठं आहे, आवाज घुमतो. मुलीने आपला कागद उलटा केला. मागची बाजू कोरी होती.

दुसरं खोकं, तिसरं. सर घाईने आले. "मॅडम, अहो मॅडम. नवे खडू तुटले सगळे."

"तुटले नाहीत, सर," मी म्हटलं. आवाज खाली गेला होता, पण तेवढ्यात सगळे गप्प झाले होते. "मी तोडले."

सर फोटोकडे बघत नव्हते, माझ्या हातांकडे बघत होते.

"का?" त्यांनी विचारलं.

मी तुकड्यांचा ढीग थोडा बाजूला सारला आणि सतरंजीवर त्यांना बसायला जागा केली.